गिरणीवाल्याची तीन चरित्रं

त्या माणसाचं आयुष्य मी दोनदा टाईप केलं आणि तिसऱ्यांदा छापलेलं वाचलं. तिन्ही वेळा ते वेगळं निघालं.

विक्रोळीला आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. तागाच्या गिरण्यांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवायचो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे ढाक्याचा एक गिरणीमालक. तो पहिल्यांदा आला तेव्हा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप चालू होता. माझे वडील त्याच संपात घरी बसलेले. कन्नमवारनगरालगतच्या चाळीतल्या आमच्या खोलीत माझ्या एकटीच्या पगारावर पाच माणसं जेवत होती.

बँकेच्या कागदांसाठी गिरणीवाल्याची माहिती हवी होती. आमच्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, मला त्याच्यासमोर बसवलं. पायावर पाय टाकून तो इंग्रजीत सांगत गेला. वडिलांच्या दोन गिरण्या होत्या. बांगलादेश स्वतंत्र होण्याची लढाई झाली तेव्हा तो लंडनला होता. नंतर सरकारने गिरण्या ताब्यात घेतल्या, आता परत दिल्या. शेजारचा मालक देश सोडून गेला होता, त्याची गिरणीही यालाच मिळाली. हे सांगताना तो असा हसला, की जणू रस्त्यात पडलेली छत्री उचलून आणली होती.

मग त्याने साहेबांना विचारलं, "तुमच्याकडे संप इतके महिने चालू कसा देता? मी सकाळी गेट बंद करतो. दुपारी पाया पडत येतात."

साहेब खो खो हसले. मी मान खाली घालून टाईप करत राहिले. संध्याकाळी वडिलांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "मालक खंयचोय असो, बोलता सारख्याच."

दोन-तीन वर्षांनी तो परत आला. तोवर वडिलांची गिरणी कायमची सुटली होती आणि ते घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन झाले होते. गिरणीवाल्याला आता निवडणूक लढवायची होती. त्याच्या देशात सत्तेवर लष्कर होतं. त्यांना पक्ष हवा होता आणि पक्षाला असे गिरणीवाले हवे होते. परदेशी पाहुण्यांना वाटायला इंग्रजीत जीवनचरित्र पाहिजे, म्हणून पुन्हा मी.

"जन्म गरीब शेतकऱ्याच्या झोपडीत," त्याने सुरुवात केली. पुढे तो लढाईत बंदूक घेऊन चिखलातून चालला, जखमी झाला, मग एक एक हातमाग जोडत गिरणी उभी केली.

माझे हात थांबले. "सर, मागच्या वेळी तुम्ही लंडनला होतात ना?"

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण शाळेतल्या ढ मुलीला समजवावं तसं म्हणाला, "मिस, ते बँकेसाठी होतं. हे जनतेसाठी आहे."

दुपारी त्याला कामगारांबरोबर फोटो हवा झाला. साहेबांनी मशीन बंद करून सगळ्यांना आवारात उभं केलं. साताऱ्याकडचा आमचा एक फिटर होता, तेलकट कपड्यांत. गिरणीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला, दात दाखवले. फोटो निघाल्याबरोबर हात झटकला आणि मला म्हणाला, "साबण कुठे आहे?" मी नळ दाखवला. साबण नव्हता. खरं तर होता, माझ्याच खणात होता. दिला नाही.

तो निवडून आला, मंत्री झाला. मंत्री म्हणून कारखाना बघायला आला तेव्हा कमान, शहनाईची कॅसेट, सगळा थाट. मला काठाची साडी नेसून गुच्छ द्यायला उभं केलं होतं. त्याने गुच्छ घेतला आणि माझ्याकडे न बघता मागच्या माणसाकडे दिला. त्याच्या चरित्राची छापील पुस्तिका आम्हाला प्रसाद वाटावा तशी वाटली. तिच्यात आता तो अठराव्या वर्षीच तुरुंगात जाऊन आला होता. आणि आवारातला फोटो होता, खाली लिहिलेलं: "ढाक्यातील आपल्या कामगार बांधवांसमवेत."

फिटरने मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "मॅडम, हा मीच ना? मी ढाक्याला कधी गेलो?"

"गेलात वाटतं," मी म्हटलं. तो हसला नाही. त्याने पुस्तिका नीट घडी करून खिशात घातली. घरी बायकोला दाखवणार होता.

पाहुणा गेला आणि आठवड्याभरात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आदल्याच महिन्यात त्यांनी कॅन्टीनचा दुसरा चहा बंद केला होता. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पुढच्या विधानसभेला तिकिटाचं बघतोय. माझंही तसं एक छोटंसं चरित्र करू या. घे लिहून."

"कुठून सुरुवात करू, सर?"

त्यांनी जरा विचार केला. साहेबांच्या वडिलांचे मुलुंडला दोन बंगले होते, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

"लिही. लहानपण चाळीत गेलं."

राजीनामा तोंडावर टाकला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण धाकटा भाऊ बारावीला होता आणि वडिलांचे गुडघे धरले होते. मी कागद चढवला, तारीख टाकली आणि लिहिलं. विचारलं फक्त एवढंच, "चाळ कुठली लिहू, सर?"

"कुठलीही," ते म्हणाले. "तू राहतेस तिथली टाक."