मघाशीच सांगितलेला कोड

माझ्या दुकानाचं इंटरनेटवरचं अकाउंट तिसऱ्यांदा चोरीला गेलं, हे मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. ओतूरच्या माझ्या दुकानात मी ब्लाउजला हुक लावत बसले होते. लग्न आठवड्यावर आलेली एक मुलगी आत आली, मोबाइल माझ्यापुढे धरून हळूच म्हणाली, "ताई, ह्यो तुमीच पाठवला का?" तिचाच पाठमोरा फोटो होता. ब्लाउज पाठीत कुठं ढिला पडतोय ते दाखवायला तिनं मला पाठवलेला. तोच आता माझ्या नावानं तिला परत आला होता, खाली एक अक्षर नाही.

मी नाही म्हणाले. तिनं विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. शिवायला टाकलेला दुसरा पीस मात्र तिनं उचलून पिशवीत घातला आणि गेली.

असे फोटो माझ्याकडे कितीतरी बायकांचे होते. दरवेळी एसटीनं येणं जमत नाही, म्हणून बायका घरीच आरशापुढे उभ्या राहून फोटो काढतात आणि पाठवतात. इथं काचतंय, तिथं झोळ पडतोय. शिवणारी बाईच आहे, या एका भरवशावर. ते सगळं आता कुणाच्या तरी हातात होतं. मशीनवर बसवेना, उभंही राहवेना.

पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावानं बुटांची जाहिरात टाकली होती, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पासवर्ड बदलला. दुसऱ्यांदा इतका लांबलचक ठेवला की माझा मलाच आठवेना. नवरा म्हणाला, "एवढं मोठं कुलूप लावलंस, पण चोराला किल्ली देतंय कोण?" मला त्याचा रागच आला. मी सगळ्यांवर संशय घेत होते. शेजारच्या मोबाइलवाल्यावर, नणंदेच्या मुलावर, फोन हातात घेऊन बघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकावर. पोलिसांकडे तक्रार दिली होती, पण वाट बघण्याइतका दम माझ्यात कधीच नव्हता.

अकाउंट मी उघडलं ते लग्नाआधी, माहेरी मढला असताना, दादांच्या फोनवर. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यामुळे अकाउंट परत मिळवायचं झालं की कोड त्यांच्याकडे जातो. त्यांचा फोन गोठ्याच्या मेढीला पिशवीत टांगलेला असतो, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. मी फोन करायचे, ते एकेक आकडा ओरडून वाचायचे, मी ठेवून द्यायचे.

त्या दिवशीही केला. "दादा, कोड आला असंल, सांगा पटकन."

"कितींदा सांगू? मघाशीच तर सांगितला की."

"कुणाला?"

"तुझ्या दुकानातल्या पोरीला."

माझ्या दुकानात मी एकटीच असते.

नवा कोड मागवला, आत शिरले आणि आधी सगळे फोटो पुसले. त्या कोड घेणाऱ्या पोरीनं ते आधीच उतरवून घेतले असतील तर माझ्या पुसण्याला काय अर्थ, हे पुसतानाही कळत होतं. मग शटर ओढलं आणि मढची गाडी धरली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं झालं होतं माझं. गाडीत चार वेळा जागा बदलली. धरणाच्या कडेला रेंज गेली तरी मी फोन बघतच होते.

घरी पोचल्यावर पाणीही न पिता दादांवर तुटून पडले. "कोण कुठली बाई, तिला कोड देता?"

"तूच म्हनली व्हतीस ना, कोड आला की लगीच सांगायचा."

"मला सांगायचा!"

"ती म्हनली, ताई कामात हायेत, त्यांनीच इचारलाय."

माझ्या अकाउंटच्या पानावर चौकशीसाठी अजून दादांचाच जुना नंबर होता. तिथून तिनं उचलला असणार. मी तो पानावरून काढला, कोडच्या जागी माझा नंबर घातला, पासवर्ड पुन्हा बदलला. मग तिचा नंबर बंद करायला दादांचा फोन घेतला. तिचे फोन एकाखाली एक होते, चांगले लांबलांब. मधेमधे माझे, मिनिटभराचे.

"एवढं काय बोलता तिच्याशी?"

"काय न्हाई. भाताचा राब भाजला का, म्हैस याली का. लई गोड बोलती." माझं बोट चाललं होतं ते दादा बघत होते. "म्हंजी आता तिचा फोन यायचा न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी फोन माझ्याकडून घेऊन परत पिशवीत घातला. "मंग ऱ्हायलंच. गुडघ्याची सूज उतरली, येवढं सांगायचं व्हतं तिला."

"कुठला गुडघा?" मी विचारलं.