चाचांनी परत केलेली अमानत

त्या माणसाला मी चाचा म्हणायचो, याचीच आज सगळ्यात जास्त चीड येते. आमच्याच रत्नागिरीचा, आमच्याच खाडीकाठचा. कतारातल्या मेसईदच्या तेलबंदरावर साहेब लोकांच्या बंगल्यांतल्या एअरकंडिशनरांची दुरुस्ती त्याच्या कंत्राटात होती, आणि मी त्याचा मेकॅनिक. पन्नासच्या दशकाची अखेर होती. आम्ही तापल्या पत्र्यावर तळहात भाजून घ्यायचो आणि हा सावलीत बसून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, उरका, करायचा. मेला!

मुंबईत त्यानं माझी करारावर सही घेतली होती. करार इंग्रजीत, पण त्यानं मला समजावून सांगितला, खोटं कशाला बोलू? नोकरी सोडली तर तीन वर्षं अख्ख्या कतारात हे काम करायचं नाही, दुसऱ्याकडे नाही आणि स्वतःचंही नाही. मी बिस्मिल्ला म्हणून सही ठोकली. कतारला उतरल्यावर पासपोर्टही त्याच्याच हवाली केला. आमच्याकडे बोटीवर जाणारा माणूस चीजवस्तू गावातल्या वडीलधाऱ्याकडे अमानत म्हणून ठेवतो. त्याची पावती मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं.

पुढे मी दोह्यात स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं. दुकान चाललं की बायकोला इकडे आणणार होतो. लग्नानंतर आम्ही एकत्र राहिलो ते जेमतेम एक पावसाळा. हे चाचाला सांगितलं तर त्यानं सरळ मला कोर्टात खेचलं. आम्हा हिंदी लोकांची भांडणं तेव्हा दोह्यात इंग्रज अधिकाऱ्यापुढे चालत.

"सही करताना कोणी जबरदस्ती केली?" साहेबानं विचारलं.

"नाही."

"समजून केलीस?"

"हो."

चाचा मिशीतल्या मिशीत हसला. "मग खलास! तुमच्या कायद्यात माणूस आपल्या मर्जीनं कबूल होतो ते त्याला पाळावं लागतं, साहेब."

"लागतं," साहेब म्हणाला. "पण मालकाच्या रास्त गरजेपलीकडे जाऊन माणसाचा धंदाच बंद पाडणारी अट आमचा कायदा मानत नाही. ती अट रद्द."

आईशप्पथ, तिथंच नाचावंसं वाटलं मला! चाचाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण घटकाभरच. त्यानं पिशवीतून माझा पासपोर्ट काढला आणि सगळ्यांदेखत टेबलावर ठेवला.

"ही तुझी अमानत. बघून घे. खयानत करणाऱ्यांतला, दुसऱ्याची ठेव गिळणाऱ्यांतला मी नाही. आणि साहेब, हा इथं राहतो तो माझ्या जबाबदारीवर. ती जबाबदारी आजपासून मी सोडली."

मी साहेबाकडे वळलो. "साहेब, आत्ताच तुम्ही म्हणालात ना, मी काम करू शकतो?"

"करू शकतोस. पण तुझी जबाबदारी घेणं न घेणं ही त्याची मर्जी. तिथं मी त्याच्यावर सक्ती करू शकत नाही."

वा रे मर्जी! माझ्या मर्जीला त्यानं मुंबईतच वेसण घातली होती, आणि याची मर्जी मात्र मोकाट. जबाबदारी घेणारा जामीन नसेल तर परक्याला कतारात राहताच येत नसे. दुसरा जामीन शोधायला मी दोहाभर फिरलो. चाचाशी वाकडं घ्यायला एकही माईचा लाल पुढे आला नाही. चाचानं निरोप धाडला, "मुकाट्यानं कामावर ये, सगळं विसरतो." याची ही हिंमत! त्याच्या पत्र्यावर पुन्हा हात भाजण्यापेक्षा मी बोट धरली.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती. कतारला जायला तिची ट्रंक भरून तयार होती. मला पाणी देत तिनं विचारलं, "निघताना चाचांना सलाम करून आलात ना?"