जुळलेली चूक

आक्षेपक: स्त्री, वय एकोणसाठ. व्यवसाय: छापखान्यात मुद्रितशोधक, आता निवृत्त. शिक्षण: रसायनशास्त्र वगळता इतर. संस्था, कंपनी, वकील: नाही. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल शाईचा न जाणारा डाग. सबब, सदर स्त्रीस औषधाच्या पेटंटविरुद्ध आक्षेप घेण्याचे प्रयोजन काय, याचा बोध होत नाही.

पेटंट कार्यालयाच्या कारकुनाला बोध झाला नाही, कारण त्यानं विचारलंच नाही. तिच्या रक्तात कर्करोग होता आणि चार वर्षं तो एका पांढऱ्या गोळीच्या धाकानं गप्प बसला होता. गोळी मूळ कंपनीची नव्हती. त्या कंपनीचं पेटंट संपल्यावर इतर कारखान्यांनी तेच औषध साध्या नावानं, साध्या वेष्टनात काढलं, त्यातली ती होती. मूळ गोळीची किंमत ऐकून तिच्या धाकट्या भावानं विचारलं होतं, "महिन्याची की जन्माची?"

छापखान्यात तिला सगळे रफारबाई म्हणत. एका सुटलेल्या रफारासाठी तिनं चालू यंत्र थांबवलं होतं. मालक ओरडला तेव्हा म्हणाली, "कागद तुमचा, पण चूक माझ्या नावावर जाईल." तेव्हापासून मालक तिला साधी चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचून पाठवायचा.

तर एक दिवस औषधवाला म्हणाला, "मावशी, ही गोळी बहुतेक बंद होणार. मोठ्या कंपनीनं पुन्हा पेटंट मागितलंय. औषध जुनं, पण ते ज्या सॉल्टच्या रूपात गोळीत घालतात तो म्हणे त्यांचा नवा शोध. मंजूर झालं की बाकीच्यांना बनवता यायची नाही."

"सॉल्ट म्हणजे मीठच ना?" घरी वहिनी कडाडली. "मिठाला नवं म्हणायला यांची जीभ कशी धजते?"

भावानं समजावलं, "ताई, हत्तीशी कशाला टक्कर घेतेस? त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे."

"असू दे. माझ्याकडे वेळ आहे. गोळी आहे तोवर."



कायद्यात लिहिलं होतं की असा अर्ज मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती आक्षेप घेऊ शकते. रफारबाईनं ती ओळ तीनदा वाचली. चूक सापडली नाही. मग तिनं जुनं पेटंट आणि नवा अर्ज, दोन्हींच्या प्रती मागवल्या. रसायनशास्त्र तिला कळत नव्हतं. पण तीस वर्षांत तिनं शेळीपालन, पूलबांधणी आणि अध्यात्म या तिन्ही विषयांवरची पुस्तकं तपासली होती आणि त्यातलंही तिला काही कळत नव्हतं. कळायला लागलं की चुका निसटतात, असं तिचं मत होतं.

पद्धत छापखान्यातलीच. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं डोळे कागदावर ठेवायचे. जुनं पेटंट वहिनीच्या हातात, नवा अर्ज रफारबाईसमोर.

"तक्ता चार. वितळण्याचं तापमान, एकशे बासष्ट."

"अंक सुटे वाच."

"एक, सहा, दोन. स्वल्पविराम. वन्सं, काल मी भाजीवाल्याला 'अर्धा किलो पूर्णविराम' म्हणाले."

"थांब. वर मजकुरात काय आहे?"

"वर... एक, दोन, सहा. अगंबाई, आकडे उलटे पडलेत!"

रफारबाईनं आपल्यासमोरचं पान जवळ ओढलं. नव्या अर्जातही मजकुरात एकशे सव्वीस आणि तक्त्यात एकशे बासष्ट.

वहिनीचा चेहरा पडला. "म्हणजे जुळतंय की दोन्हीकडे."

"तेच तर. खरं कोणाचंही जुळेल. चूक कशी जुळली?"

तक्त्याखाली कंपनीनं लिहिलं होतं की हे आकडे ताज्या प्रयोगांतून मिळाले आहेत. वहिनीनं कागद खाली ठेवला. "नकलेलाही अक्कल लागते," ती म्हणाली.

सुनावणीला कंपनीचे पाच वकील आले. त्यातला एक बोलला, बाकीच्यांनी फायली धरल्या. "साहेब, या बाई स्वतः नकली औषध घेतात. शोधाची किंमत यांना काय कळणार?"

"नकली नाही, नक्कल," रफारबाई उभी राहिली. "नकली म्हणजे खोटं. नक्कल म्हणजे तेच, पुन्हा केलेलं. माझी गोळी नक्कल आहे आणि बनवणारा ते लपवत नाही. तुमचा तक्ता चारही नक्कल आहे. त्याला तुम्ही ताजा म्हणता."

"हा क्षुल्लक मुद्रणदोष आहे!"

"मुद्रणदोष मी तीस वर्षं पाहिलेत. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या छापखान्यात, त्याच ओळीत तोच दोष आपोआप होत नाही. त्याला जुना कागद समोर ठेवावा लागतो."

अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि ताज्या प्रयोगांच्या वह्या मागितल्या. वकिलांनी मुदत मागितली. मग आणखी मुदत मागितली. तिसऱ्या वेळी पाचांऐवजी एकच वकील आला, तोही घाईत होता.

निकालपत्रात म्हटलं होतं: आक्षेपकास रसायनशास्त्राचे ज्ञान नसल्याने तिच्या म्हणण्यास तज्ज्ञमत मानता येत नाही. तिचे निरीक्षण केवळ मुद्रणविषयक स्वरूपाचे आहे. तथापि, प्रयोगांच्या मूळ नोंदी वारंवार मागूनही सादर न झाल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

मंगळवारी तिनं दुकानातून तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या.