माझ्याविना बंद झालेली वाफ

आमच्या आसवनीत काही बिघडलं की पहिला फोन मला यायचा. माढ्याकडच्या साखर कारखान्याला जोडलेली ही आसवनी. मळीपासून आम्ही अल्कोहोल काढतो आणि मी तिथला शिफ्टप्रमुख. एकदा अल्कोहोलची वाफ थंड करणाऱ्या पाण्याचा पंप बंद पडला आणि ती वाफ थेट बाहेर फुटायला लागली. एक ठिणगी पुरली असती. मी तोंडाला रुमाल बांधून वर चढलो आणि तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह हातानं बंद केला. पुढं सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ मिळालं. कामगार म्हणायचे, "सायेब हायती तवर काळजी न्हाय." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगलो.

मग तो आला. डिप्लोमाला सोलापुरात आम्ही एका बाकावर बसायचो. परीक्षेत मी त्याच्या पुढं असायचो. गुजरातेत रसायनांच्या कारखान्यांत बरीच वर्षं नोकरी करून तो आमच्याकडं सुरक्षा विभागाचा प्रमुख म्हणून आला, म्हणजे हुद्द्यानं माझ्या वर. पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, "त्या दिवशी हा वर चढला नसता तर?" सगळे कौतुकानं माझ्याकडं वळले. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि हा रजेवर असता तर?"

माना पुन्हा त्याच्याकडं वळल्या.

त्यानं पाण्याचा पंप आणि तापवणाऱ्या वाफेची लाइन एकमेकांना जोडून घेतली. पाणी थांबलं की वाफ आपोआप बंद. भोंगा झाल्यावर कुणी काय करायचं, याचा सराव तो पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. कुणी येऊन सांगितलं, "सर, आज थोडक्यात वाचलो," तर ओरडायचा नाही, उलट आभार मानायचा. माझ्यापासून लपवलेल्या गोष्टी माणसं त्याला आपणहून सांगायला लागली. कँटीनमध्ये त्याच्या टेबलाला खुर्च्या कमी पडायच्या. मी पलीकडं बसून चहा ढवळत राहायचो आणि ते हसतात कशाला याचा अंदाज घ्यायचो.

यंदाच्या हंगामात भरदुपारी भोंगा झाला. पंप पडला होता. छातीत धस्स व्हायला हवं होतं. माझ्या अंगात मात्र उत्साह संचारला. पळत सुटलो. पोचलो तर वाफ बंद झालेली, बाकीचे व्हॉल्व्ह ऑपरेटरांनी ठरल्याप्रमाणं फिरवलेले, आणि सगळे फाटकाजवळच्या लिंबाखाली जमलेले.

"सायेब, पळत कशाला आला?" जुना ऑपरेटर म्हणाला. "झालं की समदं. हितं उभं ऱ्हावा, डोकी मोजायची हायती."

मी रांगेत उभा राहिलो. माझंही डोकं मोजलं गेलं.

तो त्या दिवशी कारखान्यात नव्हताच. फोनवर त्यानं एवढंच विचारलं, "सगळे आहेत ना?" कुणाला शाल मिळाली नाही. तासाभरात आसवनी पुन्हा सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत लोक ते विसरूनही गेले. एवढी मोठी गोष्ट इतक्या शांतपणे त्याच्या पदरात पडली, आणि रागवावं तर समोर कुणीच नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तरीच अलीकडं तुमचा फोन वाजत नाही. त्यांना एकदा जेवायला बोलवा की."

मी चालढकल केली. शेवटी एका रविवारी तिनंच बोलावून घेतलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. "भाऊजी, तुमच्यामुळं हे सुखानं दोन घास खातात," म्हणत तिनं त्याला आग्रहानं वाढलं.

"माझ्यामुळं कसलं वहिनी? हा जीव धोक्यात घालून वर चढला, त्यावरनंच तर कळलं कुठं काय करायचं ते."

तो मनापासून बोलत होता. त्यानं थोडा जरी तोरा मिरवला असता तरी मला सोपं गेलं असतं. हात धुताना तो म्हणाला, "नव्या ऑपरेटरांना तू शिकव. कसा चढलास ते नको सांगू. का चढावं लागलं, ते सांग."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. आता मी शिकवतो आणि बरं शिकवतो, असं लोक म्हणतात. मागच्या वर्गात मंगळवेढ्याच्या एका नव्या ऑपरेटरनं विचारलं, "सर, हे पाणी-वाफेचं कुणी बसवलं? तुमीच ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी फळा पुसला, खडू ठेवला आणि मग त्याचं नाव सांगितलं.