फोरमननं घासलेला तवा

बायकोच्या तोंडून स्वतःसाठी ‘छान’ असा शब्द फोरमननं उभ्या संसारात ऐकला नव्हता. आता तो दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून ऐकू यायचा, आणि तोही त्या घड्याळजीच्या वाट्याला.

फोरमन कारखान्यातून निवृत्त झाला आणि बायकोनं शिकवणी काढली. दक्षिणेकडचा साधा घरगुती स्वयंपाक, ज्यांना चहाही धड जमत नाही अशांसाठी. लहानपणी तमिळ शेजारणीच्या ओट्याला चिकटून उचललेली विद्या होती ती. शिकायला यायचे कोण, तर एक नर्स, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा तो विधुर.

फोरमन बाहेर पेपर धरून बसायचा. डोळे पेपरात, कान आत.

“मोहरी पुरती तडतडू द्या,” बायको सांगत होती. “मग उडदाची डाळ. ती बदामी झाली की मिरची, कढीपत्ता, हिंग. घाई केलीत की सांबार गेलं.”

“म्हणजे काकू, मोहरीचा आवाज बसला की डाळ टाकायची,” घड्याळजी म्हणाला.

“बघा, याला म्हणतात कान. छान.”

फोरमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, फोडणीच्या नव्हे. मशीनच्या नुसत्या घरघरीवरून कुठलं बेअरिंग गेलंय ते तो जन्मभर सांगत आला होता. त्याला कान आहेत असं या घरात कुणाला कधी वाटलं नाही.

दुपारी पानात रसम आलं. “घड्याळजींनी केलंय. फेस वर आल्या आल्या गॅस बंद केला त्यांनी, उकळू दिलं नाही. घ्या ना.”

“मला आंबट चालत नाही.”

“कालपर्यंत चालत होतं.”

पुढचा रविवार डोशांचा होता. आदल्या दिवशी बायको तांदूळ-उडदाचं पीठ वाटून, आंबायला ठेवून नारळ आणायला गेली. फोरमन पहिल्यांदाच ओट्याशी आला. त्याची नजर डोशाच्या बिडाच्या तव्यावर पडली. काळाकुट्ट, जणू कोळशाच्या खाणीतून काढलेला. त्यानं हत्यारांच्या पेटीतून पॉलिश पेपर आणला आणि बसला घासत. तवा असा लखलखला की कारखान्यात साहेबानं पाठ थोपटली असती. पुसून, फडक्यात गुंडाळून त्यानं तो जागच्या जागी ठेवला. उद्या सगळ्यांदेखत ती विचारणार, हे कुणी केलं? मग त्या घड्याळजीचं तोंड बघायचं.

रविवारी तो पेपर टाकून दारातच उभा राहिला. नर्सनं फडकं सोडून तवा तापत ठेवला. बायको चटणी वाटण्यात गुंतली होती. पहिली पाळी घड्याळजीची. पीठ गोल पसरलं, कडेनं तेल सोडलं, उलथनं घातलं, आणि डोसा काही हलेना. ओढला तर चिंध्या.

“हात कापतो वाटतं,” फोरमन म्हणाला. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. “घड्याळाचे काटे नव्हेत ते, पीठ आहे.”

नर्सचाही चिकटला. मग बायकोनं पळी घेतली. तिचाही चिकटला. तिनं गॅस बंद केला, तवा खरवडला, पुसला आणि खिडकीशी धरला.

“अहो.”

“काय?”

“हे तुम्ही केलंत?”

“दुपारभर घासला. आरसा केलाय.”

“बघा आता त्यात तोंड. लग्न झाल्यापासून तेल मुरवत आले मी याच्यावर. त्या काळ्या थरावरच डोसा सुटतो. मळ वाटला तुम्हाला तो?”

नव्या जोडप्यातली मुलगी पदर तोंडाला लावून हसली. घड्याळजी मात्र हळूच म्हणाला, “काकू, आमच्या हिचा तवा आहे घरी, असाच काळा. ती गेल्यापासून नुसता लटकतोय. आणू?”

“आणा, आणा,” बायको म्हणाली. तिचा आवाज असा मोकळा झाला की फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला.

“परक्याचा तवा कशाला? हा मी काळा करून देतो. लोखंडाला ओळखतो मी.”

“ओळखता म्हणूनच ही गत झाली त्याची.” पण तिनं मागच्या शेगडीपाशी त्याच्यासाठी स्टूल सरकवलं, तेलाची बुधली आणि अर्धा कांदा दिला. “मंद आच. तेल लावा, कांद्यानं घोळवा, धूर निघाला की पुसा, परत तेल. जास्त ओतलंत तर चिकट होईल.”

फोरमन घोळवत बसला. घड्याळजी घरी जाऊन तवा घेऊन आला. पाठीमागे घड्याळजीच्या तव्यावर जाळीदार डोसे सुटत होते आणि ‘छान’ची खैरात चालली होती. त्यानं एकही डोसा खाल्ला नाही. जाताना घड्याळजी म्हणाला, “राहू दे की काकू, तुमच्याकडे वापरात तरी राहील.” बायकोनं तो तवा खिळ्याला अडकवला.

“तो परत देऊन टाक,” सगळे गेल्यावर फोरमन म्हणाला.

“हा तयार झाला की देऊ.”

मग काय, दिवेलागण झाली तरी गडी शेगडीपासून हलला नाही. शेवटी बायकोनं उरलेल्या पिठाची एक पळी त्याच्या तव्यावर घातली. अर्धा डोसा सुटला, अर्धा तव्याला धरून राहिला. तिनं सुटलेला तुकडा उभ्या उभ्या खाल्ला.

“झाला?”

“अजून नाही. पण आच बरोबर धरलीत तुम्ही.”

फोरमननं जरा विचार केला. “घड्याळजीला म्हणालीस असं कधी?”

“नाही.”

त्यानं कांद्याची दुसरी फोड उचलली.