कॅप्टन नसलेला खेळ

झाशीला आमची बदली झाली ती ऐन मे महिन्यात. छावणीतल्या क्वार्टरमध्ये निम्म्या पेट्या उघडायच्या होत्या आणि अकरा वर्षांच्या मुलीने जाहीर केलं, "मी इथे कोणाशी मैत्री करणार नाही. केली की पप्पांची बदली होते." यजमान सुभेदार. फौजेतल्या बदल्यांवर माझा इलाज नव्हता, पण मैत्रीवर होता. शाळा उघडायच्या आत हिला मैत्रीण मिळाली पाहिजे, हे मी पडदे लावायच्याही आधी ठरवून टाकलं.

बाहेर लूचे तापलेले वारे. दहा वाजले की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. म्हणजे खेळ घरातलाच हवा. पुण्याची माझी बहीण शाळेत शिकवते आणि मुलांना एक वेगळाच प्रकार खेळवते. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. "समोर दरी आहे, काय करता?" असं विचारलं की कोणीतरी म्हणतं, उडी मारतो. उडी जमली की फसली, ते फासा सांगतो. सगळे एकाच बाजूचे, त्यामुळे हरून रडणारं कोणी नाही. मला पटलं. कॅरमला पाचवं मूल आलं की ते रुसतंच.

बहिणीने तीन खेळ पाठवले. पहिल्याचं पुस्तक जात्याच्या तळीएवढं जड. ते वाचून होईतो आमची पुढची बदली आली असती. दुसरा भुतांचा. मुलं रात्री अंथरुणं ओली करणार आणि त्यांच्या आया सकाळी माझ्या दारात, म्हणून तोही बाद. तिसऱ्यात जहाज होतं, बेट होतं, खजिना होता, प्रत्येकाला एक काम होतं आणि नियम चारच पानांत. हाच घेतला. त्यात एक कॅप्टन असतो, याचा मी काडीचाही विचार केला नाही.

मागच्या ओळीतून जवानांची मुलं आली. सगळी महाराष्ट्रातल्या घरांतली, पण बोलणं निम्मं हिंदी.

"कॅप्टन कोण होणार?" मी विचारलं.

"आंटी, कॅप्टन तो सुभेदारसाहेबांच्या भी वर असतो," हवालदारांचा मुलगा गंभीरपणे म्हणाला. "मग हिलाच करा."

झालं. मी म्हटलं, वादळ आलंय, काय करता? सगळ्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, शीड उतरवा. सगळ्यांनी शीड उतरवलं. हवालदारांच्याही खालच्या हुद्द्यावरच्या नाईकांची मुलगी, दोन घट्ट वेण्यांची, नऊ वर्षांची, फासा टाकायच्या आधी विचारायची, "दीदी, टाकू?" दुसऱ्या दिवशी मी हवालदारांच्या मुलाला कॅप्टन केलं. तर तो प्रत्येक हुकूम सोडण्याआधी हिच्या तोंडाकडे बघायचा.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, ते माझ्याशी खेळत नाहीत. मला सॅल्यूट मारतात. मी उद्या बसणार नाही."

मी बहिणीला फोन लावला. "कॅप्टन नसलेला एखादा आहे का?"

"तुझ्या घरात चालेल तो?" ती हसून म्हणाली, पण खेळ पाठवला.

त्यात सगळे प्राणी. प्रत्येकाला एकच गोष्ट येते आणि ती दुसऱ्या कोणालाच येत नाही. कोण काय होणार, तेही मी मुलांवर सोडलं नाही. चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. मुलीला उंदीर आला, नाईकांच्या मुलीला घोरपड, हवालदारांच्या मुलाला कासव. "एकदाच," मी मुलीला बजावलं. "नाही आवडलं तर उठ." ती हाताची घडी घालून बसली.

गोष्ट मी इथलीच घेतली. किल्ल्यावरच्या एका बंद खोलीत घुबडाचं पिल्लू अडकलंय, दार दोरीने बांधलंय. घोरपड भिंतीवर चढली, खिडकीतून पाहून आली आणि उतरताना दाराच्याच दोरीला लटकली. कासव खाली पहाऱ्याला.

"उंदरा, तू काय करतोस?"

"दोरी कुरतडते," मुलगी कंटाळून म्हणाली. तिने फासा टाकला आणि पुन्हा हाताची घडी घातली. सहा! दोरी तुटली.

"अगं ए उंदरा!" नाईकांची मुलगी उभीच राहिली. "मी लटकलेय ना त्या दोरीला! पागल है क्या?"

हवालदारांच्या मुलाने तिचा फ्रॉक ओढला. "चुप! सुभेदारसाहेबांची आहे ती."

"सुभेदारसाहेब असतील बाहेर. इथे उंदीर आहे."

माझ्या मुलीच्या हाताची घडी सुटली. "लटकायला तुला सांगितलं कोणी? भिंत चढता येते ना? मग भिंतीवरून उतर, जाडे!"

"आणि पडले ते कासवावर!" घोरपड म्हणाली. त्यानंतर कोणी कोणाला विचारून फासा टाकला नाही.

संध्याकाळी दारात नाईकांची बायको उभी, मुलीचं मनगट धरून. चेहरा उतरलेला. "वहिनी, पोरीची जीभ फार चालते. साहेबांच्या कानावर घालू नका. माफी मागायला आणलंय तिला. माग गं."

मुलीच्या वेण्यासुद्धा पडल्यासारख्या दिसत होत्या. तिने तोंड उघडलं. एक "सॉरी दीदी" पुरे होतं; उद्यापासून पुन्हा सॅल्यूट सुरू.

"माफी नको," मी घाईने म्हटलं. "माफी मागितली तर उद्या घोरपड कोण होणार?"

बाईंना काही कळेना. तेवढ्यात माझी मुलगी आतून आली आणि म्हणाली, "आलीस? बरं झालं. तू पडलीस ती तुझ्याच चुकीने. चल, मी दाखवते कसं."

"मेरी गलती? वा रे वा!" मनगट सुटलं आणि दोघी आत पळाल्या.

"आता परत भांडतायत हो," बाई काकुळतीला आल्या.

"भांडू द्या. तुम्ही चहा घ्या."

आतून "उंदरा, खोटारड्या!" अशी आरोळी आली. मी चहा टाकला आणि पडद्यांची पेटी उघडायला घेतली.