कागदावर रिकामं केलेलं गाव

एक नांदतं गाव मी कागदावर रिकामं करून टाकलं होतं.

झालं असं. आमच्या लहानशा कंपनीने जळगावच्या शेडमध्ये रॉकेटचं मोठं इंजिन तयार केलं. असं इंजिन उडवायच्या आधी जमिनीशी घट्ट बांधून पेटवून बघावं लागतं, आणि त्यासाठी आसपास वस्ती नसलेली जागा लागते. ती मिळाली नाही तर सगळं काम परराज्यात जाणार होतं. मी छाती ठोकून म्हणालो, "खानदेश माझा आहे, जागा मी शोधतो."

होळीच्या आधी शिरपूरकडून सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो. एका माळावर वीसेक घरं, सगळ्या दारांना बाहेरून कड्या. लोक मजुरीला गेले, गाव उठलं असं समजून मी अहवालात 'वस्ती नाही' असं लिहिलं. वाटेत ढोल आणि नवे कपडे घातलेल्या माणसांनी खच्चून भरलेल्या चार जीपा समोरून आल्या होत्या. त्यांना मी हात करून, हसून वाटही दिली होती. जन्म रावेरचा. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरला की पायथ्याची गावंच्या गावं तिकडे लोटतात, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का?

होळीनंतर मुख्य इंजिनियर बाईंना जागा दाखवायला नेलं. गाडीला आधी शेळ्या आडव्या आल्या, मग गाव. बाईंनी अहवालाचं ते पान उघडून नुसतं माझ्यापुढे धरलं.

खाटेवर बसलेल्या एका आबांना मी चाचरत सगळं सांगितलं.

"बांधीसन पेटवणार? मग ते उडी कसं?"

"उडवायचं नाही, आबा. आधी नीट जळतं का तेवढं बघायचं."

"नवी चूल बी तशीच बघतस," म्हणत ते काठी घेऊन उठले आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. मी मागे गेलो.

आबांनी दाखवलेल्या वाटेने गेलो, तर डोंगरापलीकडे एक बंद पडलेली दगडखाण निघाली. तीन बाजूंना कातळ, ट्रक जाईल असा रस्ता.

"इथं सुरुंग लावत, तव्हा गावातल्या कोंबड्या बी हालत नव्हत्या," आबा म्हणाले.

बाईंनी वही काढली. "मोजमापं घेऊ, ग्रामसभेला विचारू. पण जमेल असं दिसतंय."

परत आल्यावर आबांच्या घरी चहा झाला. मी हुरूप येऊन म्हणालो, मोजणीला उद्यापासून मीच येतो.

कप गोळा करता करता आबांच्या घरच्या अक्का इंजिनियर बाईंना म्हणाल्या, "ताई, दगड मोजाले ह्याले धाडा. माणसं मोजाले दुसरा कोनी आना."